सांगली-साताऱ्याहून पहिल्यांदाच स्कुबाला निघालात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णेच्या घाटावर रोज सकाळी पोहायला येणाऱ्यांपैकी मी एक. काही वर्षांपूर्वी मालवणात पहिल्यांदा पाठीला हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरलो, म्हणजे स्कुबा केलं, पुढच्या हिवाळ्यात अंदमानात रीतसर कोर्स केला. तेव्हापासून घाटावर, लग्नात, एसटीत, कुठेही भेटलं तरी लोक तेच प्रश्न विचारतात. मिरजेच्या आतेबहिणीला आणि साताऱ्याच्या साडूभाऊंना एकाच आठवड्यात एकच उत्तर फोनवर दिलं, तेव्हा ठरवलं की आता लिहूनच ठेवावं. पैशांचे आकडे मोघम आहेत. निघण्याआधी फोन करून दर विचाराच.

सांगली-साताऱ्याहून सगळ्यात स्वस्त कुठे पडतं?

मालवण. यात फार डोकं चालवायला नको. सांगलीहून कोल्हापूरमार्गे दोनशे किलोमीटरच्या आसपास, साताऱ्याहून पावणेतीनशेच्या घरात. चौघे जण एका गाडीतून गेलात तर जाऊन-येऊन पेट्रोल सांगलीकरांना तीन-साडेतीन हजार, साताऱ्याच्या मंडळींना साडेचारपर्यंत. एक रात्र मुक्काम, दोन-तीन वेळची माशाची थाळी आणि एक बरी डाइव्ह धरून माणशी चार-पाच हजारांत काम होतं. गाडी नसेल तर कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरून मालवणची एसटी मिळते. त्यात खर्च आणखी उतरतो, फक्त घाटात पोट सांभाळायचं.

पण ‘स्वस्त’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. पहिल्या वेळी तुम्हाला एवढंच बघायचंय की पाण्याच्या दाबाने दडे बसलेले आपले कान उघडतात का, आणि तोंडाने श्वास घ्यायला जमतं का. हे बघायला विमानाचं तिकीट काढायची गरज नाही. आमच्या ओळखीतलं एक जोडपं थेट अंदमानला गेलं, सगळं आगाऊ भरून. बाईंना पाण्यात तोंड घातल्या घातल्या धाप लागली आणि त्या बाहेर आल्या. पुढचे दोन दिवस किनाऱ्यावर शहाळी पीत बसल्या. हाच प्रयोग मालवणात केला असता तर दीड-दोन हजारांत कळलं असतं.

पण मालवणचं पाणी गढूळ असतं म्हणतात?

खरं आहे. चांगल्या दिवशी आठ-दहा मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी हात लांब केला तर बोटं धूसर. अंदमानाच्या निळ्या फोटोंशी तुलना करून गेलात तर हिरमोड होणार. इथलं पाणी हिरवट असतं, त्यात कण तरंगत असतात.

तरी खाली बघण्यासारखं पुष्कळ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या बाजूला खडकाच्या कपारी आहेत, त्यांच्यावर प्रवाळ आणि समुद्रपंखे. पिवळे-काळे पट्टेवाले मासे थव्याने तोंडासमोर येतात, पोपटमासे खडक कुरतडताना दिसतात. १६६४ साली महाराजांनी पाया घातलेल्या किल्ल्याच्या तटाखाली आपण तरंगतोय, हे बोटीवर परत आल्यावर उमगतं; खाली असताना कसलं काय, सगळं लक्ष श्वासाकडे. १९८७ मध्ये हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यामुळे प्रवाळाला हात लावायचा नाही, शिंपला खिशात घालायचा नाही. काही बोटवाले गिऱ्हाइकाच्या फोटोसाठी माशांना पाव-बिस्किटं टाकतात. फोटो छान येतो, पण माशाचं खाणं खडकावर असतं, बेकरीत नाही. मी तोंडावर सांगतो, ‘नको टाकू.’ ऐकतात.

ट्राय डाइव्ह आणि कोर्स यांत फरक काय? नुसतं एकदा करून बघायचं असेल तर?

एकदाच बघायचं असेल तर ट्राय डाइव्ह. कुणी त्याला डिस्कव्हर स्कुबा म्हणतं. अर्धा-पाऊण तास समजावून सांगतात, उथळ पाण्यात श्वास घ्यायची सवय करून देतात, मग प्रशिक्षक तुम्हाला धरूनच खाली नेतो. पॅडी या स्कुबा प्रशिक्षणाच्या संस्थेच्या नियमाने यात १२ मीटरच्या खाली जाता येत नाही आणि वय किमान १० वर्षं लागतं. मालवणात प्रत्यक्षात पाच-सात मीटरवरच फिरवतात. नवख्याला तेवढं रग्गड आहे.

कोर्स म्हणजे ओपन वॉटर. तीन-चार दिवसांचा. पुस्तकी भाग, पोहण्याच्या तलावातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह. पास झालात की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाण्याचं कार्ड मिळतं, ते जगभर चालतं आणि जन्मभर टिकतं. १०-११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा. देशात याचे साधारण पंचवीस ते चाळीस हजार लागतात.

पैसे वाचवायची एक खरी युक्ती आहे. पुस्तकी भाग घरी बसून ऑनलाइन पुरा करता येतो. तलावातला सराव पुण्यात करता येतो, तिथे शिकवणाऱ्या शाळा आहेत. मग समुद्रातल्या चार डाइव्हसाठी फक्त दोन दिवस दुसरीकडे जायचं. याला रेफरल म्हणतात. हॉटेलच्या दोन रात्री वाचतात आणि महत्त्वाचं म्हणजे रजा वाचते. मात्र दोन्हीकडची शाळा एकमेकांचे कागद मानते का, हे आधी विचारून घ्या.

अजिबात पोहता येत नाही. चालेल?

ट्राय डाइव्हला चालतं. प्रशिक्षक तुमच्या सिलिंडरचा वरचा भाग धरून असतो, आणि अंगातलं हवा भरायचं जाकीट, म्हणजे बीसीडी, पृष्ठभागावर तुम्हाला तरंगत ठेवतं.

कोर्सला चालत नाही. न थांबता २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं नुसतं तरंगावं लागतं. पोहणं येत नसेल तर कोर्सचे पैसे भरण्याआधी एक उन्हाळा त्यावर घालवा.

आम्ही लहानपणापासून विहिरीत पोहणारे. आम्हाला सोपं जाईल ना?

उलट. आपल्याकडच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनाच पहिल्या दिवशी जास्त ओरडा बसतो, आणि त्यात मी होतो.

कारण असं की विहिरीत आपण शिकतो ते दम कोंडून बुडी मारायला. काठावरून मुटका मारायचा, तळ गाठायचा आणि मुठीतला गाळ वर आणून दाखवायचा. ज्याचा दम मोठा तो शहाणा. स्कुबात पहिला नियम याच्या बरोबर उलटा आहे: श्वास कधीही कोंडायचा नाही. दर १० मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट. तिथे छातीभर घेतलेली हवा कोंडून तुम्ही वर आलात तर तीच हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. फुप्फुस फुग्यासारखं ताणलं जातं आणि फाटू शकतं. याला फार खोल जावं लागत नाही, वरचे दोन-तीन मीटरसुद्धा पुरतात. म्हणून सतत घ्या-सोडा, घ्या-सोडा. विहिरीत बुडी मारताना असं होत नाही, कारण ती हवा वरूनच घेतलेली असते. खाली ती दाबली जाते आणि वर येताना पुन्हा आहे तेवढी होते.

दुसरं म्हणजे हात. आपण हाताने पाणी कापतो. स्कुबात हात पोटाशी धरायचे, पायाने सावकाश चालायचं. मी पहिल्या डाइव्हला सवयीने हात मारले, तर प्रशिक्षकाच्या तोंडावरचा मास्क उडता उडता वाचला. वर आल्यावर तो मालवणीत जे बोलला ते इथे लिहिता येत नाही.

कान दुखतात का? भीती त्याचीच वाटते.

नीट केलं तर दुखत नाहीत. घाटात गाडी उतरताना कानाला दडे बसतात ना, आणि आवंढा गिळला की सुटतात, तेच इथे, फक्त जरा जोरात. नाक चिमटीत धरायचं, तोंड बंद ठेवायचं आणि हलकेच नाकातून हवा ढकलायची. कानात टिक्कन वाजतं. दर अर्ध्या-एक मीटरला करायचं आणि दुखायच्या *आधी* करायचं. दुखायला लागल्यावर जोर लावला तर पडद्याला इजा होते.

माझीच फजिती सांगतो. पहिल्या वेळी गेलो तेव्हा सर्दी होऊन चार दिवस झाले होते. फॉर्मवर ‘सर्दी आहे का’ या प्रश्नापुढे मी ‘नाही’ लिहिलं, कारण बाकी तिघांच्या सुट्ट्या जुळवून आलो होतो. दोन मीटरवर उजव्या कानात कुणी दाभण टोचावं तसं झालं. प्रशिक्षकाला पंजा तिरपा हलवून ‘गडबड आहे’ अशी खूण केली, मग कानाकडे बोट. त्याने अर्धा मीटर वर घेतलं, थांबवलं, पुन्हा खाली. तीनदा केलं. तिसऱ्यांदा सुटला. खाली गेलो, मासे बघितले, खूश. पण संध्याकाळी कानातून पाणी ओतल्यासारखं ऐकू यायला लागलं आणि सांगलीला आल्यावर आठ दिवस थेंब घालत बसलो. कानाच्या डॉक्टरांनी तपासता तपासता जे सुनावलं ते माझ्या लक्षात राहिलं आहे. सर्दी असेल तर जाऊ नका. औषध घेऊन नाक मोकळं करून तर मुळीच जाऊ नका, कारण खाली असताना औषधाचा असर उतरला तर वर येताना अडकायला होतं.

मालवणात कुणी पाचशे सांगतं, कुणी तीन हजार. फसवतात का?

दोघे दोन वेगळ्या गोष्टी विकतात. पाचशे-सातशेचं जे असतं ते बहुधा पॅकेज असतं: बनाना राइड, जेट स्की, डॉल्फिन बघणं आणि त्यात ‘स्कुबा’. पाण्यात मोजून पाच-सात मिनिटं, एक फोटो, वर. सुट्टीच्या दिवशी बोटीवर पंधरा-वीस माणसं आणि खाली उतरायला रांग. घोड्यावर बसून नुसता फोटो काढण्यातला प्रकार आहे. मुलांना गंमत म्हणून ठीक.

जास्त पैशांत वेळ मिळायला हवा. वीस मिनिटं तरी खाली, त्याआधी उथळ पाण्यात किंवा तलावात नीट सराव, आरोग्याचा फॉर्म वाचून भरून घेणं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे सरावाचा खास तलाव आहे. ज्यांना भीती वाटते त्यांनी अशा ठिकाणी आधी तलावात उतरावं.

ठरवण्याआधी मी चार गोष्टी विचारतो. खाली किती मिनिटं? एका प्रशिक्षकामागे किती जण? त्याचं कार्ड कुठल्या संस्थेचं, आणि बघायला मिळेल का? बोटीवर प्राणवायूची आणीबाणीची टाकी आहे का? शेवटच्या प्रश्नाला जो हसतो, त्याच्याकडे मी जात नाही. आणखी एक बघायचं: सिलिंडरच्या नळीची तोंडी तोंडात धरून दोन श्वास घ्या. हवेला काही म्हणजे काही वास नको. डिझेलचा किंवा तेलाचा वास आला तर सरळ नको म्हणा, मग आगाऊ रक्कम गेली तरी चालेल.

गोवा किंवा मुर्डेश्वर कसं?

गोव्याचा फायदा रेल्वेचा. गोवा एक्सप्रेस साताऱ्यावरून, सांगली-मिरजेवरून थेट वास्कोला जाते. रात्री बसायचं, सकाळी समुद्र. ग्रांदे बेटाकडे बोटी जातात. पाण्याची पारदर्शकता मालवणच्याच जातीची, दर मात्र चढे. आणि गोव्यात स्कुबापेक्षा बाकीचाच खर्च जास्त होतो, त्याचा हिशेब मी देऊ शकत नाही.

मुर्डेश्वरचं नेत्राणी बेट मात्र मला मनापासून आवडतं. सांगलीहून बेळगावमार्गे चारशे किलोमीटरच्या आसपास. किनाऱ्यापासून बोटीला तास-दीड तास लागतो, म्हणून दिवस जातो आणि पैसेही मालवणच्या दुप्पट-तिप्पट. पण पाणी पुष्कळच स्वच्छ, मासे मोठे, बराकुडाचे थवे दिसतात, नशीब असेल तर कासव. नौदल या बेटाचा तोफांच्या सरावासाठी वापर करत आलं आहे, त्यामुळे एखाद्या दिवशी बोटी बंद असू शकतात. एक दिवस राखून ठेवा. मालवणात कान उघडले, मजा आली, आणि आता खरं स्वच्छ पाणी बघायचंय पण विमान नको, अशांसाठी दुसरी पायरी म्हणून नेत्राणी.

बोट लागणाऱ्यांनी मात्र विचार करून जा. तास-दीड तास भर समुद्रात होडी डोलते.

अंदमान परवडत नाही असं म्हणता, मग लोक का जातात?

परवडत नाही असं नाही, पहिल्या प्रयोगाला परवडत नाही असं म्हणतो. पुण्याहून किंवा गोव्याहून विमान बदलत पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), पुढे बोटीने हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. तिकिटांतच माणशी पंधरा-वीस हजारांपुढे जातं.

कोर्स करायचा पक्का विचार असेल तर मात्र मी तिथेच पाठवेन. पाणी कोमट आणि नितळ, नेमो रीफसारखी जागा तर किनाऱ्यावरूनच चालत आत जाऊन सुरू होते. शिकताना समोरचा प्रशिक्षक काय खुणा करतोय ते स्वच्छ दिसणं फार मोलाचं असतं. तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायची तोंडी, काढून परत घालायचं, मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने फुंकून काढायचं, हे सगळं गढूळ पाण्यात करताना अर्धं अवसान भीतीनेच जातं. मास्कचं मला पहिल्या दोन वेळा जमलं नाही. नाकात खारं पाणी गेलं, डोळे घट्ट मिटले. तिसऱ्यांदा डोळे उघडे ठेवले तर समोर प्रशिक्षिका टाळ्या वाजवत होती, आवाजाशिवाय.

सरकारी बोटीचं तिकीट खासगी बोटीपेक्षा बरंच कमी असतं. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टऐवजी आतल्या बाजूला साधी खोली घेतली की राहण्याचा खर्चही आटोक्यात येतो.

लक्षद्वीप?

सुंदर, पण परवाना लागतो आणि स्वस्त नाही. पहिल्या खेपेला नको.

थायलंडमध्ये कोर्स स्वस्त पडतो हे खरं का?

को ताओ नावाच्या बेटावर खरंच स्वस्त पडतो. तिथे शाळांची इतकी गर्दी आहे की दर आपोआप खाली राहतात, काही ठिकाणी कोर्सबरोबर खोलीही देतात. पण बँकॉकचं विमान, तिथून बस आणि बोट असा दीड दिवसाचा प्रवास मोजा. एकट्याने फक्त कोर्ससाठी जाण्यात बचत होत नाही. तिकडे फिरायला जाणारच असाल तर मात्र कोर्स तिथेच करा.

आणि दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका! आपल्याकडे थंडी पडायला लागते तेव्हा थायलंडच्या आखाताच्या त्या बाजूला पाऊस सुरू असतो, नोव्हेंबर तर सगळ्यात वाईट. तिथला चांगला काळ मार्च ते सप्टेंबर.

सुट्टी कधी घ्यायची? शाळेच्या सुट्ट्या धरून सांगा.

दिवाळी ते होळी हा पश्चिम किनाऱ्याचा काळ. त्यातही डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यानंतर नद्यांचा गाळ बसायला वेळ लागतो, म्हणून ऑक्टोबरमध्ये बोटी सुरू झाल्या तरी पाणी नितळलेलं नसतं. नाताळ ते ३१ डिसेंबर मालवण टाळा. दर चढतात आणि पाण्याखालीही रांग लागते. जानेवारीतला मंगळवार-बुधवार मिळाला तर सोनं.

मे महिन्याची सुट्टी: पहिल्या पंधरवड्यात जमतं, ऊन आणि गर्दी दोन्ही सोसायची तयारी ठेवा. मेअखेरीला समुद्र खवळायला लागतो आणि पावसाळाभर सगळं बंद असतं.

गणपतीच्या सुट्टीत कुठे, असं एकाने विचारलं होतं. आपल्या किनाऱ्यावर नाही. त्या दिवसांत श्रीलंकेचा पूर्व किनारा, त्रिंकोमालीची बाजू, चांगली असते. हिक्कडुवासारख्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्याचा हंगाम मात्र नोव्हेंबर ते एप्रिल. एकाच बेटाला दोन हंगाम.

सकाळी डाइव्ह करून संध्याकाळी घरी येता येईल का?

हा प्रश्न मुंबईकराला पडत नाही, आपल्याला पडायला हवा. कारण आपण समुद्रसपाटीला राहत नाही.

खाली दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत जास्त मुरतो. वर आल्यावर तो हळूहळू श्वासावाटे बाहेर पडतो. तो पडायच्या आत तुम्ही उंचावर गेलात, म्हणजे बाहेरचा दाब आणखी कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे अंगात होऊ शकतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, क्वचित फार गंभीर होतं. म्हणून डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी थांबायचं असतं: एकच साधी डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकापेक्षा जास्त किंवा अनेक दिवसांच्या डाइव्ह असतील तर किमान १८ तास. हा सल्ला साधारण ६०० ते २४०० मीटर उंचीसाठी आहे, मग ती उंची विमानातल्या हवेची असो की डोंगराची.

आता आपला रस्ता बघा. आंबोली घ्या, गगनबावडा घ्या, फोंडा घ्या, तासा-दीड तासात तुम्ही सहाशे मीटरच्या आसपास किंवा त्याच्या वर असता. सातारा शहरच सातशे मीटरच्या वर. महाबळेश्वरकर असाल तर तेराशेच्या पुढे. गोव्याहून येणारी रेल्वेसुद्धा दुपारी वास्को सोडते आणि अंधार पडेपर्यंत घाट चढून जाते.

मालवणात पाच-सहा मीटरवर वीस मिनिटं राहिलात तर मुरलेला नायट्रोजन थोडाच असतो, हे मान्य. सकाळची ट्राय डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना काही झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पण मी मुक्काम करतो. सकाळी नऊला डाइव्ह, दुपारी थाळी आणि झोप, संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर, दुसऱ्या दिवशी जेवून परत. कोर्स करत असाल तर याला पर्याय नाही. शेवटच्या डाइव्हनंतर एक दिवस सपाटीला घालवायचाच, आणि त्या रात्रीचे खोलीचे पैसे बजेटमध्ये आधीच धरायचे. साडूभाऊंनी ते धरले नव्हते, म्हणून ते माझ्यावर अजून थोडे रुसलेले आहेत.

ऑक्सिजन संपला तर?

सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते, गाळलेली आणि दाबून भरलेली. भरलेल्या सिलिंडरचा काटा २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास असतो आणि ५० च्या आधी वर यायचं असतं. ट्राय डाइव्हला काट्यावर लक्ष प्रशिक्षकाचं, कोर्सनंतर तुमचं स्वतःचं. प्रत्येकाकडे एक जादा तोंडी असते, जोडीदाराला देण्यासाठी. घाबरलेला माणूस हवा दुप्पट वेगाने संपवतो.

खुणांबद्दल एक: खाली अंगठा वर करून दाखवायचा नाही. त्याचा अर्थ ‘छान’ नाही, ‘मला वर जायचंय’ असा होतो. आमच्यातल्या एकाने आनंदाच्या भरात तीनदा अंगठा दाखवला आणि तिन्ही वेळा त्याला वर नेऊन सोडलं. ‘ठीक’ म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं गोल.

कुणी करू नये?

दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन झालेलं, छातीत पूर्वी हवा भरून फुप्फुस दबलेलं, यांनी डॉक्टरांच्या लेखी होकाराशिवाय नाही. गरोदरपणात अजिबात नाही. पाळीच्या दिवसांत करायला हरकत नाही, तब्येत बरी वाटत असेल तर. पंचेचाळिशीनंतर फॉर्मवर जादा प्रश्न असतात, खरी उत्तरं लिहा. ‘सासूबाई ६३ च्या आहेत, रोज पाच किलोमीटर चालतात, त्यांना चालेल का’ असं एका ताईंनी विचारलं होतं. डॉक्टर हो म्हणाले तर चालेल, फक्त बोटवाल्याला वय आधी सांगा, तिथे गेल्यावर वाद नको.

शार्क?

दिसला तर नशीब समजा.

चष्मा, मिशी, दागिने, कपडे यांचं काय?

चष्मा मास्कच्या आत बसत नाही. नंबर कमी असेल तर तसंच जा, पाण्याखाली वस्तू तशाही थोड्या मोठ्या आणि जवळ दिसतात. जास्त असेल तर नंबरचा मास्क आहे का विचारा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, मास्क काढायच्या सरावात डोळे मिटून घ्यायचे.

मिशी हा आपल्या भागातला खरा प्रश्न आहे. मास्कची रबरी कड नाकाखाली कातडीला चिकटावी लागते. साताऱ्याची पिळदार मिशी असेल तर तिथून पाणी झिरपत राहतं. एक तर नाकाखालची एक बारीक रेघ काढा, नाही तर व्हॅसलीन फासा. आमच्या गटातल्या एका पैलवानाने मिशी काढायला साफ नकार दिला आणि वीस मिनिटं मास्कमधलं पाणी फुंकत काढली. मासे त्याने फार बघितले नाहीत.

बायकांनी केसांची घट्ट वेणी घालावी, बटा मास्कखाली आल्या तरी तोच ताप. मंगळसूत्र, अंगठ्या, जोडवी खोलीवरच ठेवा. खडकात गेलेली वस्तू कुणी शोधून देत नाही. आत लेगिंग आणि टी-शर्ट, वर त्यांचा सूट मिळतो. कपडे बदलायची सोय बऱ्याच ठिकाणी यथातथाच असते, तेव्हा मोठी ओढणी किंवा चादर बरोबर ठेवा.

आदल्या दिवशी जेवण वगैरे?

डाइव्हच्या दोन तास आधी हलकं खा. पोहे, केळी. आदल्या रात्री दारू नको. मालवणी थाळी आणि सोलकढी डाइव्ह झाल्यावर. आधी खाल्लेलं सुरमईचं कालवण बोटीवरून समुद्राला परत केलेलं मी पाहिलं आहे.

निघण्याआधी घरी काय सराव करावा?

मास्क आणि स्नॉर्केल, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायची वाकडी नळी, विकत घ्या, ते घेऊन तलावात तोंड पाण्यात घालून, नाक बंद, तोंडाने श्वास घेत दहा मिनिटं पडून राहा. पहिल्या दोन मिनिटांत जीव घाबरतो, मग आपलाच श्वास ऐकू यायला लागतो. रेग्युलेटरमध्ये तो आवाज विहिरीत कळशी बुडवल्यावर येतो ना बुडबुड, तसा असतो. तोंडात रबराची चव राहते, तिची सवय होते.

कोर्सला जाणाऱ्यांनी २५ मीटरच्या तलावात आठ लांब्या न थांबता मारून बघा. घाई नको, दम न लागता. दम कोंडायच्या पैजा मात्र या काळात बंद. राहिलं दहा मिनिटं तरंगणं. ज्याच्या पाठीचा भोपळा लहानपणी विहिरीत सुटला, त्याला ते मुद्दाम शिकावं लागत नाही; तेवढे मार्क फुकटचे.